गिरणीमालक जॉन ब्राइट

इंग्लंडच्या उत्तर भागांत लँकेशायर नांवाचा परगणा आहे. तेथील रॉचडेल या गांवीं ता. १६ नोव्हेंबर १८११ रोजीं जॉन ब्राइट यांचा जन्म झाला. त्यांचे वडील जेकब ब्राइट हे गरिबींतून वर आलेले गृहस्थ असून त्यांनीं १८०९ सालीं सूत कातण्याची गिरणी सुरू केली होती. घराणें क्वेकर पंथाचें. या पंथाचे लोक साधा पोषाख करीत, शपथ घेत नसत व युद्ध हें ख्रिस्ताच्या शिकवणीविरुद्ध आहे असें मानीत. पंधराव्या वर्षीं शाळा सोडून जॉन गिरणींत कामास लागले. मोठ्या विद्यालयाचें शिक्षण त्यांस लाभलें नाहीं. परंतु वाचनाची आवड व पवित्र शास्त्राचा निकट परिचय यांनीं त्यांची वाणी घडविली. पुढें पार्लमेंटांतील पहिल्या प्रतीच्या वक्त्यांत त्यांची गणना झाली.

त्या काळीं इंग्लंडांत धान्याविषयीं एक कठोर कायदा होता. १८१५ सालीं तो झाला, तेव्हां देशांतील गव्हाचा भाव पुष्कळ चढल्यावांचून परदेशचा गहूं बाजारांत येऊं देत नसत. पुढें नियम कांहीं बदलले, तरी जकात राहिलीच. त्यामुळें जमीनदारांस लाभ होई व मजुरांची भाकर महाग होई. १८४१ च्या सप्टेंबरांत ब्राइट यांची तरुण पत्नी एलिझाबेथ क्षयरोगानें वारली. लग्नास दोन वर्षेंही झालीं नव्हतीं. पदरीं एक तान्ही मुलगी होती. ते शोकांत बुडाले असतां त्यांचे स्नेही रिचर्ड कॉब्डेन समाचारास आले. त्यांनीं सांत्वन केलें आणि सांगितलें कीं, या घडीस देशांत हजारों घरीं बायकामुलें उपासमारीनें मरत आहेत. दुःखाचा पहिला भर ओसरल्यावर आपण दोघे मिळून हा कायदा रद्द होईपर्यंत विसांवा घेऊं नये. ब्राइट यांनीं तें मान्य केलें. गांवोगांवीं सभा झाल्या, १८४३ सालीं ते पार्लमेंटांत निवडून आले, आणि १८४६ सालीं तो कायदा रद्द झाला.

येथें त्यांची एक उणीव झांकून ठेवणें योग्य नाहीं. १८४७ सालीं गिरण्यांतील स्त्रिया व अठरा वर्षांखालील मुलें यांचें काम दिवसाला दहा तासांवर आणणारा कायदा झाला, त्यास ब्राइट यांनीं कसून विरोध केला. सरकारनें मालक व मजूर यांच्या करारांत हात घालूं नये, असें त्यांचें मत होतें. जमीनदारांचा स्वार्थ ज्यांस स्पष्ट दिसला, त्यांस स्वतःच्या धंद्यांतील मजुरांचा शीण तितका दिसला नाहीं. दिव्याखालीं अंधार म्हणतात, तो असा.

तथापि लोकांच्या रोषास भिऊन त्यांनीं आपलें मत कधीं गिळलें नाहीं. १८५४ सालीं रशियाशीं क्रिमियाचें युद्ध सुरू झालें, तेव्हां सारा देश युद्धाच्या आवेशांत होता. ब्राइट यांनीं त्याचा उघड निषेध केला. लोकांनीं त्यांच्या प्रतिमा जाळल्या, आणि १८५७ सालीं मँचेस्टरच्या मतदारांनीं त्यांस पाडलें. त्याच वर्षीं बर्मिंगहॅम शहरानें त्यांस निवडून दिलें.

खरी कसोटी १८६१ सालीं आली. अमेरिकेंत उत्तर व दक्षिण संस्थानांमध्यें युद्ध जुंपलें, आणि दक्षिणेंतून येणारा कापूस बंद झाला. लँकेशायरच्या गिरण्या थंडावल्या, लाखों मजूर बेकार झाले. त्याच दिवसांत आपल्या खानदेश-वऱ्हाडांतील कापसास कधीं नव्हे इतका भाव आला व मुंबईचे व्यापारी गबर झाले. दक्षिणेचा पक्ष घेऊन कापूस मिळवावा, असें इंग्लंडांतील पुष्कळ वजनदार लोक म्हणूं लागले. ब्राइट यांच्या गिरण्यांसही कापसाची वाण पडली होती. परंतु गुलामगिरी राखण्यासाठीं जें राज्य उभें राहूं पाहतें त्यास साह्य करणें हें पाप आहे, असें त्यांनीं ठासून सांगितलें. अनेक उपाशी मजूरही त्यांच्याच बाजूस राहिले. १८६५ सालीं युद्ध संपलें व अमेरिकेंतील गुलाम मुक्त झाले.

हिंदुस्थानाकडेही त्यांचें लक्ष होतें. १८४८ सालीं येथील कापसाच्या लागवडीची चौकशी करणाऱ्या पार्लमेंटच्या कमिटीचे ते अध्यक्ष होते. रयतेचें दारिद्र्य, रस्त्यांचा व पाटबंधाऱ्यांचा अभाव यांविषयीं ते वारंवार बोलत. १८५८ सालीं त्यांनीं सुचविलें कीं, सारी सत्ता कलकत्त्यास न ठेवतां पांच स्वतंत्र इलाखे करावे. म्हणजे इंग्रजी अंमल जेव्हां संपेल तेव्हां येथील लोकांस आपला कारभार आपण चालवितां येईल. असा दिवस येणार, हें त्या काळीं बोलून दाखविणारे इंग्रज थोडे होते. तो दिवस १९४७ सालीं आला.

१८६७ सालीं शहरांतील पुष्कळ कामकऱ्यांस मताधिकार मिळाला, त्यामागें ब्राइट यांचे अनेक वर्षांचे श्रम होते. १८६८ सालीं ते व्यापारखात्याचे मंत्री झाले. १८८२ सालीं ते पुन्हां मंत्रिमंडळांत असतां इंग्रजी आरमारानें मिसर देशांतील अलेक्झांड्रिया शहरावर तोफा डागल्या. तेव्हां त्यांनीं जुने मित्र ग्लॅडस्टन यांचें मंत्रिमंडळ सोडलें. ता. २७ मार्च १८८९ रोजीं ते वारले, आणि रॉचडेल येथें आपल्या पंथाच्या साध्या स्मशानभूमींत त्यांस पुरलें.

त्यांच्या चरित्रांतून दोन गोष्टी घेण्याजोग्या आहेत. सत्यासाठीं मान, मत व नफा हीं तिन्ही सोडण्याची तयारी असावी. आणि दूरचा अन्याय दिसत असला, तरी आपल्या उंबरठ्याच्या आंतही एकदां दिवा फिरवून पाहावा.