शून्यापासून मोजणारा माणूस

शेंदूरजनाघाटच्या दोन संत्राबागा डोळ्यांसमोर आणा. एक सातपुड्याच्या बाजूला चढावर, दुसरी खाली सखलात. समजा, दोन्हीकडं बोअरला 500 फुटांवर पाणी लागलं. मग पाणी एकाच पातळीवर आहे? नाही! प्रत्येकानं आपापल्या वावराची जमीन शून्य धरलीय. वरचं वावर 60 फूट उंच असेल, तर तिथलं पाणीही 60 फूट वर आहे. दोन आकड्यांची तुलना करायची, तर दोघांचं शून्य एकच पाहिजे.

असं एकच शून्य धरून हिंदुस्थान मोजायला निघालेला माणूस आपल्या विदर्भात, हिंगणघाटच्या मातीत विसावलाय. विल्यम लॅम्बटन त्याचं नाव.

गंमत म्हणजे, त्याच्या स्वतःच्या वयाचं शून्य काही सापडत नाही. जन्म इंग्लंडमधल्या यॉर्कशायरचा. नेमकं साल पक्कं नाही. घरची गरिबी, पण गणित पक्कं. फौजेत शिरला, अमेरिकेत गेला, 1781 मध्ये यॉर्कटाउनला कैद झाला. पुढं कॅनडात बराकींचा कारभार पाहता पाहता पुस्तकांत बुडून राहिला. भारतात आला तेव्हा चाळिशी उलटली होती. 1799 च्या श्रीरंगपट्टण मोहिमेत एका रात्री ताऱ्यांकडं पाहून त्यानं ओळखलं, की आपली तुकडी चुकून टिपूच्या छावणीकडंच चाललीय. सेनापतीला ते पटेना, पण होकायंत्रानंही तेच दाखवलं.

खरं काम सुरू झालं 10 एप्रिल 1802 ला, मद्रासजवळ सेंट थॉमस माउंटला. 100 फुटी पोलादी साखळीनं सुमारे साडेसात मैलांची पायारेषा मोजायला जवळपास दोन महिने लागले. उन्हानं साखळी लांबते, म्हणून तापमान नोंदवून तेवढा फरक वजा-जमा केला. मग ती लांबी समुद्रसपाटीवर आणून हिशोबली. का? पृथ्वी गोल आहे. उंचावर मोजलेलं अंतर समुद्रसपाटीवर किंचित कमी भरतं. प्रत्येक टेकडीनं आपलंच शून्य धरलं असतं, तर त्रिकोणाला त्रिकोण जुळलाच नसता.

त्या एका रेषेवरून कोन मोजत त्रिकोणांची साखळी पुढं सरकत गेली. मद्रास ते मंगळूर अंतर जुन्या नकाशांपेक्षा तब्बल 40 मैलांनी कमी निघालं! 1808 मध्ये तंजावरच्या मंदिरावर चढवताना अर्धा टनाचा थिओडोलाइट आपटला. लॅम्बटननं तंबूत बसून तो स्वतः दुरुस्त केला. हे सारं कंपनीच्या राज्यासाठी होतं, हे विसरायचं नाही. साखळ्या ओढणाऱ्या, झाडं तोडणाऱ्या कितीतरी खलाशांची नावं कुठंच नाहीत.

मोजणी साधारण 78 अंश रेखांशाच्या आसपास उत्तरेकडं सरकत राहिली. आपलं वरूडही जवळपास त्याच रेखांशावर. नागपूरकडं निघालेला लॅम्बटन जानेवारी 1823 मध्ये हिंगणघाटला वारला. वय सत्तरीच्या घरात. पुढं अचलपूरजवळच्या टाकळखेड्यापासून हे काम जॉर्ज एव्हरेस्टनं उत्तरेला नेलं. 1909 मध्ये किनाऱ्यावरच्या 9 ठिकाणांच्या भरती-ओहोटीच्या नोंदींवरून देशातल्या उंचीमापनाचं समाईक शून्य पक्कं झालं.

सेल्सिअसचं शून्यही असंच ठरवलेलं: पाणी गोठतं तिथलं. म्हणून 40 अंश म्हणजे 20 च्या दुप्पट गरम नव्हे. बोअरची खोली मात्र दुप्पट होऊ शकते, कारण तिथं शून्य म्हणजे खरोखर काहीच न खोदणं.

नागपूरला गेलात की झिरो माइल जरूर पाहा. 1907 चा तो दगड अंतरासाठी शून्य. पण तिथंच कोरलेली उंची आहे 1020.171 फूट, कारण उंचीचं शून्य आहे दूर समुद्रावर.