डाल्टन यांचे डोळे

इंग्लंडच्या उत्तर भागातील ईगल्सफील्ड या खेड्यात एका विणकराच्या घरी १७६६ साली जॉन डाल्टन यांचा जन्म झाला. घरची स्थिती बेताची. त्यामुळे वयाच्या अवघ्या बाराव्या वर्षी ते गावातच मुलांना शिकवू लागले. पुढे १७९३ साली ते मँचेस्टर येथील विद्यालयात अध्यापक झाले. पदार्थांच्या अणूंविषयीच्या सिद्धांतामुळे त्यांचे नाव अजरामर झाले आहे.

१७९२ साली एक नवल त्यांच्या ध्यानी आले. जिरेनियमचे गुलाबी फूल त्यांना दिवसा आकाशासारखे निळे दिसे. तेच रात्री मेणबत्तीच्या उजेडात तांबडे भासे. इतरांना मात्र त्यात विशेष फरक जाणवत नसे. त्यांच्या सख्ख्या भावाला तेवढे ते तसेच दिसे. दोष घराण्यातच होता!

डोळ्याच्या बाहुलीमागे नेत्रभिंग असते. त्याच्या मागची पोकळी पारदर्शक, दाट द्रवाने भरलेली असते. आपल्या डोळ्यांतील हा द्रव निळसर असावा आणि तो तांबडे किरण शोषून घेत असावा, असे अनुमान डाल्टन यांनी बांधले. १७९४ साली त्यांनी ते मँचेस्टरच्या विद्वत्सभेपुढे मांडले. परंतु जिवंतपणी त्याची परीक्षा कशी व्हावी? म्हणून मृत्यूनंतर आपले डोळे तपासावेत, असे त्यांनी सांगून ठेवले.

२७ जुलै १८४४ रोजी डाल्टन निवर्तले. दुसऱ्याच दिवशी डॉक्टर रॅन्सम यांनी त्यांचा एक डोळा उघडला. आतील द्रव अगदी स्वच्छ होता. नेत्रभिंग किंचित पिवळसर होते. पण वार्धक्यात ते तसे होतेच. दुसऱ्या डोळ्याला मागून छिद्र पाडून त्यांनी आरपार पाहिले, तेव्हा तांबडा व हिरवा हे रंग नेहमीसारखेच दिसले. पन्नास वर्षे बाळगलेले अनुमान चुकीचे ठरले.

विद्वत्सभेने त्या डोळ्यांचे अवशेष जपून ठेवले. १९९५ साली शास्त्रज्ञांनी त्यांतील आनुवंशिक द्रव्य तपासले. दृष्टिपटलावरील तीन प्रकारच्या पेशींमुळे आपणांस रंग कळतात. त्यांपैकी मुख्यतः हिरवा प्रकाश टिपणाऱ्या पेशींचे रंगद्रव्य डाल्टन यांच्या डोळ्यांत नव्हते, असे आढळले. हा वारसा मुलाला आईकडून मिळतो.

फ्रेंच भाषेत रंगांधतेला डाल्टन यांच्याच नावाने ओळखतात. आपलेच मत खरे ठरावे, यापेक्षा खरे काय ते कळावे, अशी त्यांची तळमळ होती. म्हणूनच त्यांचे अनुमान खोटे ठरले, तरी त्यांचे डोळे दीडशे वर्षांनंतरही ज्ञानाच्या कामी आले.