विश्लेषण : चोराची चाहूल देणारे कुलूप! अर्देशीर गोदरेज यांच्याकडून आजच्या घरांनी काय शिकावे?

अंधेरी-बोरिवलीपासून घाटकोपर-मुलुंडपर्यंत सुट्टीत गावी निघालेले कुटुंब दाराला कुलूप लावते आणि ते दोनदा ओढून पाहते. हल्ली त्यासोबत दाराला स्वस्तातला अलार्मही लावला जातो. चोरीचा प्रयत्न झाल्यास घरमालकाला कळावे, ही कल्पना मात्र सव्वाशे वर्षांपूर्वी मुंबईतल्या एका कारखानदारालाही सुचली होती. त्यांचे नाव अर्देशीर गोदरेज.

वकिली का सोडली?

अर्देशीर यांचा जन्म १८६८ मध्ये मुंबईतील पारशी कुटुंबात झाला. वडील बुर्जोरजी जमीनजुमल्याचा व्यवसाय करत. १८९० मध्ये अर्देशीर यांचे बचुबाईंशी लग्न झाले. पुढच्याच वर्षी राजाबाई टॉवरवरून पडून बचुबाईंचा मृत्यू झाला. त्यांच्यासोबत कुटुंबातील आणखी एक तरुणीही दगावली. साऱ्या शहरात खळबळ उडवणाऱ्या या प्रकरणाचा उलगडा शेवटपर्यंत झाला नाही. अर्देशीर यांनी पुन्हा लग्न केले नाही.

कायद्याचे शिक्षण घेतल्यानंतर १८९४ मध्ये एका खटल्यासाठी ते झांझिबारला गेले. अशिलाच्या सोयीसाठी सत्याला मुरड घालायला त्यांनी नकार दिला आणि वकिलीला रामराम ठोकून ते मुंबईत परतले.

पहिला उद्योग का बुडाला?

परतल्यावर त्यांनी एका औषधविक्रेत्याकडे मदतनीस म्हणून काम धरले. तिथे त्यांना शस्त्रक्रियेची उपकरणे बनवण्याची कल्पना सुचली. वडिलांचे स्नेही मेरवानजी कामा यांनी त्यासाठी तीन हजार रुपये कर्जाऊ दिले. माल चांगला उतरला, पण त्यावर भारतीय बनावटीचा शिक्का मारायला खरेदीदार तयार नव्हता. अर्देशीर शिक्क्यावर अडून बसले. सौदा फिसकटला, धंदा बसला आणि कर्ज डोक्यावर राहिले.

त्याच सुमारास मुंबईतील वाढत्या घरफोड्यांची बातमी त्यांच्या वाचनात आली. चांगली कुलपे विलायतेहून येत. ती महाग असत. स्थानिक कुलपे हाताने बनत आणि त्यांचा भरवसा नसे. कामांनी पुन्हा मदत केली. ७ मे १८९७ रोजी लालबागला गॅस कंपनीजवळ जेमतेम २१५ चौरस फुटांच्या शेडमध्ये कुलपांचा कारखाना सुरू झाला. कामांचा भाचा बॉइस काही काळ भागीदार होता. तो लवकरच बाहेर पडला, पण कंपनीच्या नावात त्याचे नाव कायम राहिले.

या कुलपांमध्ये वेगळे काय होते?

त्या काळच्या बहुतेक चांगल्या कुलपांत लिव्हर म्हणजे पातळ पट्ट्या असत. योग्य किल्ली प्रत्येक पट्टी नेमकी हवी तितकीच उचलते आणि मग बोल्ट सरकतो. पट्टी कमी किंवा जास्त उचलली गेली, तर कुलूप उघडत नाही. पट्ट्या जागेवर ठेवणारी स्प्रिंग मात्र कालांतराने थकते किंवा तुटते. अर्देशीर यांनी स्प्रिंगच काढून टाकली आणि १९०९ मध्ये बिनस्प्रिंगच्या कुलपाचे पेटंट मिळवले.

त्यांच्या ‘गॉर्डियन’ कुलपाला दोन किल्ल्या असत. त्यातली एक किल्ली आतली रचना बदलू शके, मग दुसरी निकामी होई. किल्लीची नक्कल झाल्याचा संशय आला तरी कुलूप फेकावे लागत नसे. ‘डिटेक्टर’ कुलपात चुकीची किल्ली फिरवली की ते अडकून बसे. मालक परतला की कोणीतरी हात लावून गेल्याचे त्याला समजे. हे तत्त्व इंग्लंडमध्ये १८१८ मध्ये जेरेमाया चब यांनी वापरले होते. मुंबईच्या बाजारात ते देशी बनावटीत आले.

तिजोरीकडे कसे वळले?

दार फुटले तरी ऐवज वाचावा, हा पुढचा प्रश्न होता. १९०२ मध्ये त्यांची पहिली तिजोरी बाजारात आली. सांधा हा तिजोरीचा कच्चा दुवा असतो. म्हणून एकाच पोलादी पत्र्याला घड्या घालून सांधे कमी करण्यावर त्यांनी भर दिला. १९१८ च्या सुमारास ते वनस्पती तेलाच्या साबणाकडे वळले. टिळक स्वराज्य फंडाला त्यांनी तीन लाख रुपये दिले. १९२८ मध्ये कारभार धाकटे बंधू पिरोजशा यांच्याकडे सोपवून ते नाशिकला शेती करायला गेले. १९३६ मध्ये त्यांचे निधन झाले.

विक्रोळीची वसाहत त्यांनी पाहिली नाही. ती जमीन पिरोजशांनी १९४३ मध्ये लिलावात घेतली. पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीच्या लाखो मतपेट्या विक्रोळीत तयार झाल्या.

आज घराला अलार्म लावताना काय पाहावे?

अर्देशीर यांच्या कुलपांमागचा विचार आजही कामी येतो. पहिला मुद्दा किल्लीचा. भाडेकरू गेला, मदतनीस बदलली किंवा किल्ली हरवली, तर आधी लॅच बदलावा. घुसणाऱ्याच्या हातात किल्ली असेल, तर अलार्मला फारसा अर्थ उरत नाही.

दुसरा मुद्दा चाहुलीचा. दाराच्या सेन्सरचे दोन भाग असतात. चुंबक दारावर आणि स्विच चौकटीवर बसतो. दार उघडताच चुंबक दूर जातो आणि भोंगा वाजतो. लोखंडी सेफ्टी डोअरवर चुंबकाचा परिणाम कमी होऊ शकतो, म्हणून सेन्सर आतल्या लाकडी दाराला लावावा. हालचाल टिपणारा सेन्सर उष्णतेतला बदल ओळखतो. तो खोलीच्या कोपऱ्यात साधारण सात फुटांवर बसवावा. ऊन येणारी खिडकी किंवा एसी त्याच्या समोर नको. घरात मांजर-कुत्रे असेल, तर तो फसू शकतो.

तिसरा मुद्दा कच्च्या दुव्याचा. पैसे मर्यादित असतील, तर आधी मुख्य दार, मग पाइप किंवा छज्ज्यावरून हात पोहोचेल अशी खिडकी. वीज गेली की वायफायही जाते, त्यामुळे भोंगा स्वतःच्या बॅटरीवर वाजायला हवा. महिन्यातून एकदा दार उघडून तो वाजवून पाहावा. शेजाऱ्यांना आणि वॉचमनला आवाज ओळखीचा करून द्यावा. भोंगा चोराला अडवत नाही, तो फक्त माणसांना बोलावतो. चोराचा वेळ खाण्याचे काम आजही कुलपालाच करावे लागते.