फरीदसाहेब सतारमेकर

पुण्याच्या मैफलीत पंडित भीमसेन जोशी गात, तेव्हा त्यांच्यामागे मिरजेचे तंबोरे झंकारत. मिरजेला ही कीर्ती मिळवून देणारे फरीदसाहेब मूळचे शिकलगार. तलवारींना धार लावणे हा त्यांच्या घराण्याचा पिढीजात धंदा.

इंग्रजी अमलात लढाया थांबल्या, शस्त्रांना गिऱ्हाईक उरले नाही आणि शिकलगारांपुढे पोटाचा प्रश्न उभा राहिला. फरीदसाहेबांनी मात्र धीर सोडला नाही. मिरजेचे अधिपती पटवर्धन हे संगीताचे चाहते. त्यांच्या आश्रयाने फरीदसाहेब व त्यांचे बंधू वाद्ये घडवू लागले. इ. स. १८५० च्या सुमारास मिरजेत तंबोरा तयार झाला.

हे काम मोठे नाजूक. पंढरपूरकडील भोपळा वाळवून कापावयाचा, त्याला तुणीच्या लाकडाची दांडी बसवावयाची, वर तारा चढवावयाच्या. तारा ज्या घोडीवर टेकतात, ती कानसताना केसभर चूक झाली, तरी स्वर बिघडतो. पोलादावर फिरणाऱ्या हातांनी हे कसब आत्मसात केले.

ही विद्या त्यांनी पुढच्या पिढीच्या हाती दिली. त्यांचे वंशज सतारमेकर या नावाने ओळखले जाऊ लागले. २०२४ साली मिरजेच्या सतारीला व तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन लाभले. धंदा बुडाला, तरी कष्टाळू माणसाचे कसब बुडत नाही.