लक्ष्मीबाई टिळक : जोडीने केलेली सेवा

लक्ष्मीबाई टिळक म्हटलं की आपल्याला ‘स्मृतिचित्रे’ आठवतं. पण मुलांना शिकवताना त्यांच्या संसाराचा उत्तरार्धही सांगावा, असं मला वाटतं.

जन्म १८६८ चा. लहानपणीच नारायण वामन टिळकांशी लग्न झालं. १८९५ मध्ये टिळक ख्रिस्ती झाले आणि लक्ष्मीबाई काही वर्षं वेगळ्या राहिल्या. सोवळं-ओवळं सोडणं काय सोपं होतं? पण त्या परत आल्या आणि १९०० मध्ये स्वतः विचार करून बाप्तिस्मा घेतला. पुढे घरात दुष्काळातली अनाथ मुलं आली, बालकवीही राहून गेले. सगळ्यांचं खाणंपिणं, आजारपण बाईंकडे!

१९१७ मध्ये टिळकांनी अमेरिकन मिशनची पगारी नोकरी सोडून ‘देवाचा दरबार’ सुरू केला. साताऱ्याला बिऱ्हाड, घरात भजन-कीर्तन. टिळक पंचावन्नचे, बाई पन्नाशीला टेकलेल्या. या वयात आपण पेन्शनचा हिशोब करतो. बाई मात्र ठरावीक पगाराशिवायचा संसार चालवत सोबत राहिल्या.

१९१९ मध्ये टिळक गेले. त्यांचं ‘ख्रिस्तायन’ अपुरं राहिलं होतं. नवऱ्याकडून लिहाय-वाचायला शिकलेल्या बाईंनी ते पुढे लिहायला घेतलं. त्यात टिळकांपेक्षा बाईंचेच अध्याय कितीतरी जास्त आहेत.