कवयित्री बहिणाबाई चौधरी : चरित्र व एक विनंती

आपल्या लेवा समाजात धनवान झाले, विद्वान झाले, शिक्षणसंस्था काढणारे झाले. त्यांची चरित्रे या स्मरणिकेतून येतात व ती यावीतच. यंदा मात्र जिला स्वतःचे नावही लिहिता येत नव्हते अशा एका शेतकरी स्त्रीचे चरित्र लिहावे असे मनाने घेतले. त्यास एक खासगी कारण आहे. ते ओघाने पुढे येईल.

बहिणाबाईंचा जन्म १८८० साली जळगावानजीकच्या असोदे गावी, महाजनांच्या घरी झाला. वडिलांचे नाव उखाजी, आईचे भीमाई. घर भावंडांनी भरलेले होते. त्या काळी मुलीने शाळेत जाण्याचा प्रश्नच नव्हता. अंगणातले खेळ, शेतातली कामे आणि देवळातील भजन-कीर्तन एवढेच तिचे शिक्षण. तेराव्या वर्षी जळगावचे नथुजी खंडेराव चौधरी यांच्याशी विवाह होऊन त्या सासरी आल्या. असोदे काही दूर नव्हे. तरी तेराव्या वर्षी सोडलेले माहेर त्यांच्या मनातून अखेरपर्यंत गेले नाही, हे त्यांची माहेरची गाणी वाचणाऱ्यास सांगावयास नको.

त्या वेळचे जळगाव म्हणजे आगगाडीचे स्टेशन व कापसाचा व्यापार असलेला एक वाढता कसबा. १९०६ साली खानदेशाचे दोन जिल्हे झाले आणि जळगाव पूर्व खानदेशाचे मुख्य ठिकाण ठरले. कचेऱ्या आल्या, वकील आले. चौधरी वाड्यातील दिवस मात्र पूर्वीप्रमाणेच जात्यावर उगवत होता व चुलीपाशी मावळत होता. मधल्या वेळात शेत. आपल्या वडीलधाऱ्या स्त्रियांना हे कष्ट नवीन नाहीत. बहिणाबाईंचे वेगळेपण असे की, हात कामात असताना त्यांचे डोळे व कान रिकामे बसले नाहीत. पेरणी, कापणी, रगडणी, उफणणी, मोट, घरोट, आखाजीचा झोका, सुगरणीचा खोपा, हे सारे त्यांच्या गाण्यांत आले. रस्त्यावरून शेत पाहणाऱ्याला उफणणी म्हणजे टोपली उंच धरून धान्य सोडणे एवढेच दिसते. ज्याने स्वतः खळ्यात उभे राहून वाट पाहिली आहे, त्यालाच ठाऊक की सारा खेळ वाऱ्याचा आहे. वारा पडला की माणूस बसून राहतो. बहिणाबाई त्या वाऱ्याला घरच्या माणसासारखी साद घालतात. हे पुस्तकातून येत नाही.

वयाच्या तिसाव्या वर्षी त्यांना वैधव्य आले. पदरी ओंकार, सोपान व काशी ही तीन मुले. धाकटा सोपान तर अवघा तीन वर्षांचा. पुढे प्लेगने ओंकाराला गाठले. तो वाचला, परंतु कायमचे अपंगत्व घेऊन. अशा स्थितीत संसाराचा गाडा या बाईने ओढला.

त्या काळी विधवेने कसे असावे याविषयी आपल्या समाजाची मते काय होती, ते लपविण्यात अर्थ नाही. तिचे तोंड सकाळी पाहू नये, मंगल कार्यात तिने पुढे येऊ नये, आणि मुख्य म्हणजे तिने आपल्या दैवापुढे मान खाली घालून असावे. बहिणाबाईंनी मोर्चा काढला नाही की सभा भरविली नाही. परंतु त्यांची गाणी जरा लक्ष देऊन वाचावीत. दारी आलेल्या ज्योतिषाला त्या परत पाठवितात. आपले दैव आपल्याला कळले आहे, ते सांगण्यास दुसऱ्याची गरज नाही, असा त्यांचा बाणा. बांगड्या फुटल्या तरी मनगटातील कर्तृत्व फुटत नाही, हा त्यांचा विचार आहे. शंभर वर्षांपूर्वी, एका निरक्षर विधवेने, जात्यावर बसून! मोठ्या सुधारकांच्या भाषणांइतकेच मी त्याला मोल देतो.

सोपानदेव शाळेत शिकू लागले, पुढे स्वतः कवी म्हणून नावारूपास आले. क्रमिक पुस्तकातील सावित्री-सत्यवानाची कथा त्यांनी एकदा आईस वाचून दाखविली, तो सकाळी आईचे त्यावर गाणे तयार! सोपानदेव व त्यांच्या एका आप्ताने अशी गाणी वेळोवेळी कागदावर उतरवून ठेवली, म्हणून ती उरली.

आता ते कारण. मी खानदेशातच एका प्राथमिक शाळेत शिक्षक होतो. शुद्ध बोलण्याविषयी माझा कटाक्ष असे. आपल्या बोलीत ‘ळ’ चा ‘य’ होतो हे वाचक जाणतातच. एके दिवशी एका मुलाने केळीला ‘केयी’ म्हटले, म्हणून मी त्याला पट्टीने मारले. त्याच दिवशी दुपारी बहिणाबाईंची कविता शिकविण्याची वेळ आली. मी फळ्यावर कविता लिहिली, भाषेच्या गोडव्यावर चांगला अर्धा तास बोललो. तो मुलगा उभा राहिला व त्याने एवढेच विचारले की, या बाईंनाही पट्टी मिळाली होती काय? वर्ग हसला. मी त्याला खाली बसविले. उत्तर मी त्या दिवशी दिले नाही, आणि नंतर तो मुलगा शाळा सोडून गेला. आज तो कोठे आहे, मला ठाऊक नाही.

बहिणाबाईंचे निधन ३ डिसेंबर १९५१ रोजी जळगाव येथे झाले. आपले एकही गाणे त्यांनी पुस्तकात छापलेले पाहिले नाही. त्यानंतर सोपानदेवांनी संकोचाने आईच्या गाण्यांची वही आचार्य अत्रे यांना दाखविली. अत्र्यांना त्यांचे मोल तत्काळ उमगले. १९५२ साली त्यांच्या प्रस्तावनेसह ‘बहिणाबाईंची गाणी’ हे पुस्तक निघाले. १९६१ च्या ‘मानिनी’ चित्रपटाने ही गाणी घरोघरी नेली. १९९० साली स्थापन झालेल्या जळगावच्या विद्यापीठाला २०१८ साली बहिणाबाईंचे नाव देण्यात आले. ज्या बाईने शाळेची पायरी चढली नाही, तिच्या नावाच्या विद्यापीठाची पदवी आज आपली मुले-मुली घेत आहेत.

पहिल्या आवृत्तीत केवळ ३५ कविता होत्या. पुढे त्यांत भर पडली. पण निंदणीच्या ओळीत, पहाटेच्या घरघरीत, जवळ लिहिणारे कोणी नसताना म्हटलेली किती गाणी तशीच विरून गेली असतील!

म्हणून सभासद कुटुंबांस एक विनंती. आपल्या घरी आजी, मामी, मावशी, आत्या कोणी वृद्ध असतील, तर त्यांच्या तोंडच्या ओव्या व आखाजीची गाणी त्यांच्याजवळ बसून उतरवून घ्यावीत, आणि त्या जसे उच्चारतील तसेच लिहावे. ‘य’ चा ‘ळ’ करू नये. मी माझ्या थोरल्या बहिणीपासून प्रारंभ केला आहे. तिच्या अकरा ओव्या आतापर्यंत वहीत आल्या आहेत. बारावी तिला अर्धीच आठवते. ती मी तशीच, अर्धी लिहून ठेवली आहे.