‘आर्गव्ही’वाला डेनिस

पायथॉनच्या प्रॅक्टिकलला तुम्ही स्क्रिप्ट लिहिता. चालते. मग मॅडम दुसरी फाइल देतात. तुम्ही परत स्क्रिप्ट उघडता, जुनं नाव खोडता, नवं टाकता. दहा फाइली, दहा वेळा तीच खटपट! त्यापेक्षा टर्मिनलवर स्क्रिप्टच्या नावापुढेच फाइलचं नाव लिहा. ते ‘सिस’ मॉड्यूलमधल्या ‘आर्गव्ही’ नावाच्या यादीत जाऊन बसतं. शून्य नंबरला स्क्रिप्टचं नाव, एकपासून पुढे तुम्ही दिलेलं सगळं. हे ‘आर्गव्ही’ आलंय सी भाषेतून. आणि सी बनवली डेनिस रिचीने.

डेनिस १९४१चा, न्यूयॉर्क राज्यातल्या ब्राँक्सव्हिलचा. वडील बेल लॅब्जमध्ये. हार्वर्डमध्ये तो फिजिक्स शिकला, पुढे पीएचडीचा प्रबंधही लिहिला. पण बाइंडिंग केलेली प्रत लायब्ररीत जमाच केली नाही, त्यामुळे डिग्री राहिली ती राहिलीच. (हे घरी सांगू नका.)

१९६७मध्ये तोही बेल लॅब्जमध्ये गेला. तिथे केन थॉम्प्सनसोबत त्याने युनिक्स उभं केलं. १९७१च्या युनिक्स मॅन्युअलमध्येच बघा: फाइलींची यादी दाखवणारी ‘एलएस’ कमांड. तिच्यापुढे ‘हायफन एल’ लावलं की तीच यादी तपशीलवार. प्रोग्रॅम तोच, वागणं वेगळं. ऑप्शन म्हणतात तो हाच.

पुढे आली सी. तिच्या ‘मेन’ फंक्शनला दोन गोष्टी मिळतात: किती शब्द आले ते ‘आर्गसी’त, कोणते आले ते ‘आर्गव्ही’त. पर्ल, रुबी, पायथॉन, सगळ्यांनी हे नाव उचललं. पायथॉनचं ‘आर्गपार्स’ तर पुढचं कामही करतं: हायफनवाले ऑप्शन ओळखतं, चुकलं तर अडवतं, ‘हेल्प’ची माहिती आपोआप तयार करतं.

१९८३मध्ये केन आणि डेनिसला ट्युरिंग पुरस्कार मिळाला. पण आपल्यापैकी किती जणांना त्याचा चेहरा माहीत आहे? ५ ऑक्टोबर २०११ला स्टीव्ह जॉब्स गेला, जग हळहळलं. आठवडाभराने, १२ तारखेला, एकटाच राहणारा डेनिस न्यू जर्सीतल्या घरी मृतावस्थेत सापडला. वय ७०. तुम्ही तेव्हा बालवाडीत, नाहीतर पहिली-दुसरीत असाल. जॉब्सच्या बातमीपुढे ही बातमी छोटीच राहिली. मॅकच्या पोटात युनिक्सच आहे, तरीही.

आज प्रॅक्टिकलला ‘आर्गव्ही’ टाइप कराल, तेव्हा शेजारच्याला विचारा, हे नाव आलं कुठून? माहीत नसेल, तर सांगा.